इंग्लंडमध्ये सोशल हाउसिंगच्या रेग्युलेशनमध्ये सीनियर पोस्टसाठी अर्ज करायचाय? मग आधी हे वाचा

मागच्या वर्षभरात चार-पाच जणांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. ताई, मी दहा-बारा वर्षं हाउसिंग असोसिएशनमध्ये रिपेअर्स बघतोय, किंवा कौन्सिलमध्ये हाउसिंगचं काम करतेय, आता रेग्युलेटरकडे किंवा ओम्बड्समनकडे वरची जागा निघालीय, अर्जात लिहू काय? (सोशल हाउसिंग म्हणजे कौन्सिल, अर्थात इथली स्थानिक पालिका, आणि हाउसिंग असोसिएशन, अर्थात बहुतेक ना-नफा गृहसंस्था, कमी भाड्याने देतात ती घरं. रेग्युलेटर या घरमालकांवर नजर ठेवतो, ओम्बड्समन भाडेकरूंच्या तक्रारी बघतो.) प्रत्येकाला फोनवर तास-दीड तास सांगत बसले, मग वाटलं की एकदाच नीट लिहून ठेवावं म्हणजे पुढच्यांना उपयोग होईल.

माझं थोडक्यात सांगते. पुण्यात असताना सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या ऑडिटचं काम केलं, मग इकडे मिडलंड्समध्ये आले आणि एका कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसमध्ये फोन घ्यायच्या कामापासून सुरुवात केली. नंतर तक्रार विभाग, मग एका घरमालक संस्थेत (म्हणजे अशी घरं भाड्याने देणाऱ्या संस्थेत) कम्प्लायन्स, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणं. रेग्युलेशनच्या बाजूला यायला मला तीन वेळा अर्ज करावा लागला, आणि पहिल्या दोन वेळा मी कुठे चुकले हे आता स्वच्छ दिसतंय. जिथे काम करते तिथलं आतलं काहीच इथे लिहिणार नाही. खाली जे आहे ते बाहेरून कुणालाही कळण्यासारखं आहे, फक्त एका जागी मिळत नाही.

एक गोष्ट अगदी सुरुवातीलाच सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. या जागांसाठी निवड करणाऱ्या पॅनलला ओल आलेली भिंत तुम्ही कशी दुरुस्त केलीत यात फार रस नसतो. भिंतीला ओल आहे हे संस्थेच्या बोर्डाला कळलं कसं, आणि कळलं नसेल तर का नाही कळलं, हे तुम्हाला शोधता येतं का, हे त्यांना बघायचं असतं. काम करणाऱ्याच्या खुर्चीतून उठून काम तपासणाऱ्याच्या खुर्चीत बसायचं असतं आणि हा बदल अर्जाच्या पहिल्या ओळीपासून दिसायला लागतो.

१. आधी कोण काय करतं ते पक्कं करा

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, वीस-वीस वर्षं हाउसिंगमध्ये काढलेली माणसंसुद्धा गडबडतात.

पहिली गोष्ट म्हणजे हे सगळं फक्त इंग्लंडचं आहे. स्कॉटलंडला वेगळा रेग्युलेटर आहे, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडची व्यवस्थाही वेगळी. इंग्लंडमध्ये सुमारे ४० लाख घरं सोशल हाउसिंगमध्ये आहेत, काही कौन्सिलची, काही हाउसिंग असोसिएशनची, आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारी संस्था म्हणजे रेग्युलेटर ऑफ सोशल हाउसिंग. आत्ताच्या स्वतंत्र रूपात ती ऑक्टोबर २०१८ पासून आहे, पण तिचे अधिकार मुळात २००८ च्या हाउसिंग अँड रिजनरेशन कायद्यातून येतात. ही संस्था एकेका भाडेकरूची तक्रार सोडवत नाही. हे वाक्य पाठच करा. संस्था म्हणून घरमालक नीट चाललाय का, एवढंच ती बघते.

एकेक तक्रार बघतो तो हाउसिंग ओम्बड्समन. घरमालकाकडे तक्रारीच्या दोन्ही पायऱ्या झाल्या आणि तरी समाधान नाही, तर भाडेकरू तिथे जातो. पण घर कुणाला वाटायचं, बेघर माणसाची कौन्सिलने सोय केली का, असल्या तक्रारी या ओम्बड्समनकडे जातच नाहीत, त्या लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे जातात. दोघांच्या नावात ओम्बड्समन आहे म्हणून घोटाळा होतो.

तिसरं, कौन्सिलची एन्फोर्समेंट टीम. यांच्याकडे २००४ च्या हाउसिंग कायद्याखाली घरातले २९ प्रकारचे धोके तपासायचे आणि नोटीस काढायचे अधिकार आहेत, पण कौन्सिल स्वतःच्या मालकीच्या घरांबद्दल स्वतःलाच अशी नोटीस देऊ शकत नाही. म्हणजे कौन्सिलच्या भाडेकरूला ही वाट बंद, हाउसिंग असोसिएशनच्या भाडेकरूला उघडी. एन्फोर्समेंटमधून येणाऱ्या माणसाला हा फरक माहीतच असेल असं पॅनल धरून चालतं.

आणि या सगळ्यांच्या वर ब्रिटिश सरकारचं हाउसिंगचं मंत्रालय, जिथे धोरण आणि कायदे होतात.

२. नेमकी कुठली खुर्ची हवीय?

सीनियर पोस्ट म्हटलं की सगळं एकाच पोत्यात घालू नका. साधारण असे प्रकार दिसतात:

रेग्युलेटरमध्ये इन्स्पेक्शन, रोजच्या देखरेखीचं काम किंवा तपास आणि एन्फोर्समेंट सांभाळणारे असिस्टंट डायरेक्टर, डायरेक्टर.

ओम्बड्समनकडे केसवर्क आणि निर्णयांच्या दर्जाची जबाबदारी असलेल्या जागा.

मंत्रालयात डेप्युटी डायरेक्टर वगैरे, ही सीनियर सिव्हिल सर्व्हिस झाली.

बोर्डावरच्या जागा, म्हणजे रेग्युलेटरचे अध्यक्ष आणि सदस्य. या नोकऱ्या नाहीत, सार्वजनिक नेमणुका आहेत. मंत्री नेमतात, नेमणुकीचा वेगळा कोड लागू असतो, आणि अध्यक्षपदासाठी सुचवलेल्या व्यक्तीला हाउस ऑफ कॉमन्सच्या समितीसमोर जाऊन प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात.

घरमालक संस्थेच्या बाजूने कम्प्लायन्स डायरेक्टर, किंवा २०२३ च्या कायद्याने प्रत्येक घरमालकाला नेमायला लावलेला हेल्थ अँड सेफ्टी लीड. ही जागा रेग्युलेशनची नाही पण तिकडे जायचा फार चांगला पूल आहे, रेग्युलेटरचा माणूस समोर बसून काय विचारतो ते तुम्हाला टेबलाच्या या बाजूने शिकायला मिळतं.

माझं मत विचाराल तर आधी एखाद्या लहान हाउसिंग असोसिएशनच्या बोर्डावर नॉन-एक्झिक्युटिव्ह (रोजचा कारभार न बघणारा) सदस्य म्हणून जा. वेळ थोडा जातो, मोबदला कमी किंवा काहीच नसतो, पण बोर्डाच्या कागदांत काय लिहितात आणि काय लिहायचं राहून जातं हे कळायला दुसरी शाळा नाही. मी दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्जाच्या मधली अडीच वर्षं हेच केलं आणि फरक तिथेच पडला.

३. कायदा किती यायला हवा?

वकिलाइतका नको, पण तारखा आणि कारणं तोंडावर हवीत. आणि कारणं आधी, तारखा नंतर.

१४ जून २०१७ ला पश्चिम लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवरला आग लागली, ७२ माणसं गेली. तिथले रहिवासी आधीपासून सुरक्षेच्या तक्रारी करत होते, त्या कुणी मनावर घेतल्या नाहीत. त्यानंतर सरकार हाउसिंगबद्दल वेगळा विचार करायला लागलं. मग डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरात बुरशी होती, वडिलांनी पहिली तक्रार २०१७ मध्ये केली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये कोरोनरने (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) मृत्यूचं कारण घरातल्या बुरशीशी जोडलं. आईवडील सुदानहून आलेले, आणि त्यांच्या राहणीबद्दल आपण गृहीतकं केली हे घरमालक संस्थेला नंतर मान्य करावं लागलं. 

इथे जरा थांबते कारण हे आपल्यालाही लागू आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांनी इथल्या भाड्याच्या घरात हे ऐकलंय, तुम्ही फोडण्या फार देता, कपडे घरात वाळवता, खिडक्या उघडत नाही, म्हणून भिंत काळी पडते. ओम्बड्समनने २०२१ च्या ओल-बुरशीवरच्या अहवालात राहणीमानाला दोष देण्याची हीच सवय स्पष्टपणे चुकीची ठरवली. तुम्ही फोन घेत असताना कुणाला असं सांगितलं असेल, मीही सांगितलंय एकेकाळी, तर ते विसरू नका. इंटरव्ह्यूत भाडेकरूंबद्दल विचारतात तेव्हा कुणी मनापासून बोलतंय आणि कुणी पाठ करून आलंय हे लगेच कळतं.

आता कायदा. सोशल हाउसिंग रेग्युलेशन कायद्याला २० जुलै २०२३ ला मंजुरी मिळाली. त्याने काय बदललं ते असं समजा. पूर्वी भाडेकरूंचं गंभीर नुकसान झालंय किंवा होईल असं दिसल्याशिवाय रेग्युलेटरला कन्झ्युमर स्टँडर्डच्या (भाडेकरूंना मिळणाऱ्या सेवेच्या निकषांच्या) बाबतीत हात घालता येत नव्हता, ती अट गेली. दंडाला ५,००० पौंडांची मर्यादा होती, ती गेली. ४८ तासांची सूचना देऊन घरांची पाहणी करता येते, तातडीची दुरुस्ती करून घेऊन खर्च घरमालकाकडून वसूल करता येतो. आणि १ एप्रिल २०२४ पासून चार नवे कन्झ्युमर स्टँडर्ड लागू झाले: सुरक्षा आणि दर्जा, पारदर्शकता आणि उत्तरदायित्व, परिसर आणि समाज, आणि भाडेकरार. त्याच दिवसापासून १,००० किंवा जास्त घरं असलेल्या घरमालकांची साधारण चार वर्षांतून एकदा इन्स्पेक्शन हा कार्यक्रम सुरू झाला.

ग्रेड लक्षात ठेवा. भाडेकरूंना मिळणाऱ्या सेवेसाठी सी१ ते सी४, कारभारासाठी जी१ ते जी४, आर्थिक ताकदीसाठी व्ही१ ते व्ही४. १ सगळ्यात चांगली, ४ सगळ्यात वाईट. कौन्सिलला फक्त सी ग्रेड मिळते, जी आणि व्ही नाही, कारण कारभार आणि आर्थिक स्थितीचं स्टँडर्ड कौन्सिलला लागूच नाही. पहिल्या इंटरव्ह्यूत मी एका कौन्सिलच्या व्ही ग्रेडबद्दल बोलले होते. पॅनलमधल्या बाई काहीच बोलल्या नाहीत, फक्त लिहून घेतलं, आणि मला घरी आल्यावर कळलं.

अवाबचा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. तातडीचा धोका असेल तर २४ तासांत कारवाई. मोठी ओल-बुरशी असेल तर १० कामकाजी दिवसांत तपासणी, त्यानंतर ३ कामकाजी दिवसांत भाडेकरूला लेखी निष्कर्ष, आणि धोका दिसला तर तपासणीनंतर ५ कामकाजी दिवसांत घर सुरक्षित करायचं. याच्या बरोबरीने ओम्बड्समनचा तक्रारींचा कोड, जो १ एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंधनकारक झालाय: तक्रारीची पोच ५ कामकाजी दिवसांत, पहिल्या पायरीचं उत्तर १० दिवसांत, दुसऱ्याचं २० दिवसांत.

शिवाय सीनियर मॅनेजर आणि एक्झिक्युटिव्ह लोकांना हाउसिंगची मान्यताप्राप्त पात्रता लागणार आहे, मॅनेजरना लेव्हल ४ आणि एक्झिक्युटिव्हना लेव्हल ५ किंवा फाउंडेशन डिग्री. ही अट घरमालकाच्या बाजूच्या लोकांसाठी आहे, रेग्युलेटरच्या कर्मचाऱ्यांसाठी नाही, पण तुम्ही ती पूर्ण केली असेल तर अर्जात जरूर लिहा.

४. निकाल वाचा, आणि असे वाचा

रेग्युलेटर आपले सगळे निर्णय जाहीर करतो. फुकट आहेत, छोटे आहेत, आणि तरीही अर्ज करणारे बरेच जण वाचत नाहीत. मी सांगते तसं करा. सी१ चे पाच, सी३ चे पाच काढा, प्रिंट घ्या. प्रत्येकात तीन गोष्टींखाली रेघ मारा: पुरावा काय होता, घरमालकाने स्वतःहून येऊन सांगितलं की इन्स्पेक्शनमध्ये सापडलं, आणि बोर्डाला किंवा नगरसेवकांना आधी माहीत होतं का.

दहा वाचून झाले की एक गोष्ट दिसायला लागते. सी३ मिळालेल्या बऱ्याच ठिकाणी घरं वाईट असणं हा अर्धाच भाग असतो, दुसरा अर्धा म्हणजे घरांची अवस्था काय आहे हे घरमालकाला धड माहीतच नसतं. घरांची तपासणी कितीतरी वर्षांपूर्वीची, फायर सेफ्टीची किती कामं बाकी याचा हिशेब नाही, इलेक्ट्रिकल चेक झालेत असं बोर्डाला सांगितलंय पण सर्टिफिकेट सापडत नाहीत. हे दिसलं की तुमच्या डोक्यात खुर्ची बदलली असं समजा.

ओम्बड्समनचे निर्णयही असेच वाचा, विशेषतः जिथे गंभीर गैरकारभार म्हटलंय ते. आणि टेनंट सॅटिस्फॅक्शन मेझर्स (भाडेकरूंच्या समाधानाची मोजमापं) बघा, एकूण २२ आहेत, त्यातले १२ भाडेकरूंना विचारून काढतात, १० घरमालकाच्या स्वतःच्या नोंदींतून. तुम्ही ज्या संस्थेत आहात तिचे आकडे तुम्हाला पाठ हवेत. भाडेकरूंचं मत आणि संस्थेच्या नोंदी यांत कुठे फट पडतेय याचं तुमचं स्वतःचं स्पष्टीकरणही हवं.

५. तुमचा अनुभव त्यांच्या भाषेत आणा

महाराष्ट्रातला अनुभव बरेच जण सीव्हीतून काढूनच टाकतात, इथे कोण विचारतंय म्हणून. माझं म्हणणं उलट आहे, ठेवा, पण समजावून लिहा. नुसतं म्हाडा लिहिलं तर पॅनलला काही कळणार नाही. मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्ती मंडळात कुणी इंजिनियर होता, पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी करायचं काम केलंय, कुठलं कुटुंब आत्ता हलवायचं आणि कुठली इमारत टेकू लावून अजून एक पावसाळा काढेल हे ठरवलंय, तर हा जोखमीवर आधारित निर्णयाचा पहिल्या दर्जाचा अनुभव आहे. फक्त तो त्या शब्दांत लिहा: किती इमारतींतून किती निवडल्या, कशाच्या आधारावर, कुणी विरोध केला, निर्णयावर सही कुणाची.

उपनिबंधक कार्यालयात काम केलेल्यांनी सोसायटीच्या कमिटीचा कारभार तपासला असतो, हा सरळसरळ जी ग्रेडच्या जवळचा अनुभव आहे. महारेरात काम केलं असेल तर विकसकांवर नियंत्रण, नोंदणी, तक्रारींची सुनावणी. बँकेत असाल आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासणीला तोंड दिलं असेल, तर ग्रेड, देखरेख आणि बोर्डाला उत्तर द्यायला लावणं या गोष्टी तुम्हाला नव्या नाहीत. आर्थिक बाजूच्या जागांना अशी माणसं लागतातच, हाउसिंग असोसिएशन कर्जावर चालतात आणि व्याज भरण्याइतकी कमाई होतेय का हा व्ही ग्रेडमधला महत्त्वाचा प्रश्न असतो.

पण एक पथ्य पाळा. तिकडच्या व्यवस्थेशी तुलना करत बसू नका, आमच्याकडे असं असतं वगैरे. उदाहरण द्या, शिकलेलं सांगा, पुढे जा.

६. कागदपत्रं

जाहिरात आल्यावर धावाधाव करू नका, अनेकदा अर्जाला दोन-तीन आठवडेच असतात. आधीच एका फोल्डरमध्ये ठेवा:

- सीव्ही, दोन किंवा फार तर तीन पानांचा. किती घरं, किती बजेट, किती माणसं हे आकडे प्रत्येक नोकरीसमोर.
- सपोर्टिंग स्टेटमेंटचा कच्चा मसुदा, शब्दमर्यादा जाहिरातीत दिलेली असते ती काटेकोर पाळायची.
- राइट टू वर्कचा पुरावा. ब्रिटिश पासपोर्ट, किंवा ई-व्हिसा असेल तर शेअर कोड (तुमचा कामाचा हक्क ऑनलाइन दाखवणारा), तो ९० दिवसच चालतो म्हणून लागेल तेव्हाच काढा. ई-व्हिसाचं अकाउंट सध्याच्या पासपोर्टशी जोडलेलं आहे ना तेही बघून घ्या.
- भारतातली डिग्री असेल आणि जाहिरातीत ठरावीक लेव्हल मागितली असेल तर यूके एनिककडून (परदेशी पदव्यांची इथल्या पदव्यांशी तुलना करणाऱ्या संस्थेकडून) तुलनेचं पत्र.
- मागच्या तीन वर्षांच्या नोकऱ्यांच्या तारखा, महिन्यांसकट, मधल्या गॅपचं कारणही.
- या तीन वर्षांत एकूण सहा महिने किंवा जास्त काळ भारतात किंवा दुसरीकडे राहिला असाल तर त्याचा हिशेब, पोलिस क्लिअरन्स मागू शकतात. आईवडिलांच्या आजारपणासाठी गावी जाऊन राहिलेल्यांना हे लागतं आणि ते यायला वेळ लागतो.
- दोन रेफरी, त्यातला एक तुमच्यापेक्षा वरच्या जागेवरचा. विचारून ठेवा.
- हितसंबंधांची यादी, याबद्दल खाली.

नागरिकत्वाबद्दल एक गैरसमज फार ऐकते, की भारतीय पासपोर्टवाल्यांना सरकारी नोकरी मिळत नाही. सिव्हिल सर्व्हिसच्या, फक्त ब्रिटिश नागरिकांसाठी राखीव नसलेल्या जागांना कॉमनवेल्थ देशांचे नागरिक चालतात, भारत त्यात येतो, फक्त इथे काम करायचा हक्क तुमच्याकडे हवा. पण व्हिसा स्पॉन्सर करतीलच असं धरू नका, अर्जाच्या आधी ईमेल करून विचारा.

७. स्टेटमेंट कसं लिहायचं

जाहिरातीत आवश्यक निकष दिलेले असतात, पाच-सहा. एकेका निकषाला एक परिच्छेद, त्याच क्रमाने. अर्ज चाळणारा माणूस निकषानुसार मार्क देतो, तुमची सुंदर प्रस्तावना वाचून खूश होऊन मार्क देत नाही. बऱ्याच ठिकाणी नाव झाकून चाळणी होते, तेव्हा स्टेटमेंटमध्ये ओळख पटेल असं काही लिहू नका असं सांगितलेलं असेल तर ते पाळा.

आपल्या लोकांची एक सवय मोडायला हवी. आपण "आम्ही केलं" लिहितो. टीमने केलं, डिपार्टमेंटने केलं. ही सभ्यता आहे, मला आवडते, पण पॅनलला तुम्ही काय केलंत तेच हवं असतं. माझ्या पहिल्या अर्जावर फीडबॅक आला होता की उमेदवाराची व्यक्तिगत भूमिका स्पष्ट होत नाही. मी स्टेटमेंट परत काढून बघितलं तर "आम्ही" एकोणीस वेळा आणि "मी" दोनदा.

आणि परत खुर्चीचाच मुद्दा. दुसऱ्या अर्जात मी लिहिलं होतं की रिपेअर्सचा बॅकलॉग आठ महिन्यांत निम्म्यावर आणला. चांगलं काम होतं ते. तिसऱ्या अर्जात त्याच कामाबद्दल असं लिहिलं की बोर्डाला जाणाऱ्या रिपोर्टमध्ये बॅकलॉग कमी दिसत होता कारण पाहणी झाली की जॉब बंद धरला जायचा, दुरुस्ती झालेली नसली तरी, हे मला भाडेकरूंच्या तक्रारींवरून लक्षात आलं, मी नमुना म्हणून दोनशे बंद जॉब परत तपासले, ऑडिट कमिटीसमोर मांडलं, फायनान्स डायरेक्टरचा विरोध होता, तरी मोजायची पद्धत बदलली आणि नवा खरा आकडा आधीपेक्षा वाईट आला. तोच अनुभव, तेच वर्ष. यावेळी इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं.

काही जागांसाठी भरती करणाऱ्या एजन्सीमार्फत आधी अनौपचारिक बोलणं ठेवतात. ते बोलणं नक्की करा, आणि जाताना दोन खरे प्रश्न घेऊन जा, जसं की या टीमला येत्या वर्षात सगळ्यात जड काय जाणार आहे.

८. इंटरव्ह्यू आणि त्याआधीच्या पायऱ्या

वरच्या जागांना थेट इंटरव्ह्यू क्वचितच असतो. मानसशास्त्रीय चाचणी असू शकते, कर्मचाऱ्यांच्या गटाबरोबर तासभर गप्पा असू शकतात, आणि मग मुख्य पॅनल, बहुधा पाच-दहा मिनिटांच्या प्रेझेंटेशनसकट. कर्मचाऱ्यांच्या गटाला हलक्यात घेऊ नका. तिथे तुम्ही ऐकता का, हे बघतात. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ तिथे पूर्ण वेळ स्वतःच बोलले आणि तिथेच अडकले.

प्रेझेंटेशनला बहुतेक एक प्रसंग देतात. समजा, एका मोठ्या घरमालकाने स्वतःहून कळवलंय की हजारो घरांचे फायर किंवा इलेक्ट्रिकल चेक राहिलेत, तुम्ही काय कराल? इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे जोरात बोलणं. दंड लावू, कडक कारवाई करू. थांबा. हाउसिंग असोसिएशन किंवा कौन्सिल दंड भरणार कशातून? भाड्यातून. म्हणजे ज्या भाडेकरूचं घर असुरक्षित आहे त्याच्याच खिशातून. म्हणून दंड हे हत्यार कधी आणि का वापरायचं याचं कारण तुम्हाला देता यायला हवं. दुसऱ्या टोकाचा सापळा म्हणजे घरमालकाशी सहकार्याने काम करू असं गुळमुळीत बोलून सोडून देणं.

मी असा क्रम धरला होता आणि अजूनही मला तो पटतो. आधी, आज रात्री कुणाच्या जिवाला धोका आहे का? असेल तर तो कमी करायला घरमालकाने आत्ता काय केलंय, पुरावा काय? मग, हे त्यांनी स्वतः येऊन का सांगितलं, उशिरा सांगितलं का, आपली चूक ओळखायची ताकद त्यांच्यात आहे का? मग, सुधारणेचा आराखडा विश्वासार्ह आहे का, पैसे आणि माणसं आहेत का? यातल्या शेवटच्या दोनाचं उत्तर नाही असेल तर अधिकार वापरायचे: सुधारणा आराखड्याची नोटीस, एन्फोर्समेंट नोटीस, दंड, भरपाई, व्यवस्थापक नेमणं, ज्या क्रमाने गरज पडेल तसं. आणि प्रत्येक टप्प्यावर घरमालकाला आपलं म्हणणं मांडायची संधी, निर्णयाची लेखी कारणं, कारण उद्या कोर्टात न्यायालयीन पुनर्विलोकन झालं तर तुमचा कागद उभा राहायला हवा. नैसर्गिक न्याय हा शब्द आपल्याकडे सोसायटीच्या भांडणातसुद्धा वापरतात, इथे तो रोजचा आहे.

कायदा रेग्युलेटरला सांगतो की हस्तक्षेप कमीत कमी हवा आणि तो प्रमाणात, सुसंगत, पारदर्शक आणि उत्तरदायी हवा. हे चार-पाच शब्द उत्तरात भरायचे नसतात, पण उत्तराचा सांगाडा त्यांचा असावा.

अजून एक प्रश्न जवळपास नक्की येतो: दबाव आला तर? खासदाराचं पत्र आलंय, पेपरात बातमी आलीय, मंत्र्यांच्या ऑफिसला आजच उत्तर हवंय, आणि पुरावा अजून अर्धाच आहे. तुमच्या आयुष्यातला असा खरा प्रसंग तयार ठेवा. वरिष्ठाला नाही म्हटल्याचा, आणि त्याची किंमत मोजल्याचा असेल तर अजून चांगलं.

९. हितसंबंध, सगळे, आधीच

नवरा हाउसिंग असोसिएशनला सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत आहे? बहीण कौन्सिलमध्ये नगरसेविका आहे? तुम्ही स्वतः शेअर्ड ओनरशिपच्या (काही भाग विकतचा, काही भाड्याचा) घरात राहता? एखाद्या बोर्डावर आहात? दोन फ्लॅट भाड्याने दिलेत? सगळं लिहा. यातल्या बऱ्याच गोष्टींनी जागा जात नाही, फक्त त्या घरमालकाच्या फाइलपासून तुम्हाला लांब ठेवतात किंवा बोर्डाचा राजीनामा द्यायला सांगतात. जागा जाते ती लपवल्याने. १९९५ पासून सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वं इथे मानतात, नोलन समितीची, त्यात प्रामाणिकपणा आणि सचोटी वेगवेगळी मोजलीत, आणि मुलाखतीत सचोटीवर प्रश्न येतो तो बहुधा याच बाजूने.

तुमच्या सध्याच्या संस्थेला कधी सांगायचं हेही ठरवा. तुम्ही घरमालकाकडे कम्प्लायन्समध्ये असाल आणि इन्स्पेक्शन तोंडावर आलं असेल, तर ऑफर मिळाल्या मिळाल्या सांगा, कारण त्या दिवसापासून तुम्ही दोन्हीकडचे असता आणि ते कुणालाच बरं नाही.

१०. नाही आलं तर

फीडबॅक मागा. इंटरव्ह्यूपर्यंत पोचला असाल तर बहुतेक देतात, चाळणीत गेला असाल तर कधी नुसते निकषांचे मार्क मिळतात, तेही पुरेसे आहेत. कुठल्या निकषाला कमी आले ते बघा आणि पुढचं एक वर्ष त्या एका गोष्टीला द्या. मला पहिल्यांदा कारभाराच्या निकषाला सगळ्यात कमी होते, म्हणून मी बोर्डावर गेले.

त्या वर्षात महिन्यातून एकदा तुमच्याच संस्थेच्या भाडेकरूंच्या बैठकीला जा, मागे बसा, बोलू नका. कुठली तक्रार तिसऱ्यांदा येतेय ते वहीत लिहा, आणि ऑफिसात गेल्यावर बघा की ती बोर्डाच्या कागदात कुठे आहे का.

पुढच्या वेळच्या अर्जाला लागणारं उदाहरण मला त्या वहीत सापडलं.